बोटभर जागा

पहिले वीस दिवस मीच ओढत होते यांना.
उजव्या काखेत हात घालून उशीवरून वर,
खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत.
शेजारची लक्काबाई म्हणायची, ताकद आहे बाई तुझ्यात.
मला बरं वाटायचं.

सिव्हिलच्या तळमजल्यावर, खोली नंबर नऊ,
शिवलीला मॅडमनी यांचा सदरा उतरवला,
खांद्याच्या हाडाखाली आपलं बोट टेकवलं
आणि ते आत गेलं.
जिथं काही जाऊ नये तिथं
एक बोटभर जागा.
'कोणी ओढलं?'
मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहिले,
कातडी काढलेल्या माणसाकडं.
त्याचे दोन्ही खांदे जागेवर होते.

मॅडम सौंदत्तीकडच्या. मराठी बोलतात, खरं अडखळत.
भुज, भुज म्हणत राहिल्या, मी यांचा अख्खा हात पुढं केला.
हसल्या. त्यांच्या कानडीत भुज म्हणजे खांदा,
आमच्याकडं भुजा म्हणजे देवीचे आठ हात.
शब्द एकच, सांध्याच्या अलीकडं आणि पलीकडं.
यांचं दुखणं बरोबर मधे.

मग शिकवणी सुरू झाली. यांची नव्हे, माझी.
हाताला धरून उठवायचं नाही, कमरेला धरायचं.
झोळी चालण्यापुरती, दिवसभर गळ्यात नको.
बसले की मांडीवर उशी, उशीवर कोपर,
बोटं उघडी, नाहीतर सूज उतरते पंजात.
मेव्हण्यानं हौसेनं आणलेली कप्पी आणि दोरी
डोक्यावर टांगायची नाही, परत करा.
दुखलं की तिथंच थांबा.
'सावकाश,' म्हणतात त्या,
आणि हा शब्द कुणी कुणाला समजावत नाही,
तो दोन्हीकडं तसाच चालतो.

सदरा घालताना दुखरा हात आधी.
काढताना शेवटी.
बत्तीस वर्षांत यांचं एक बटणसुद्धा
मी लावलं नव्हतं कधी.

हे पेंटर. खानापूर रोडपासून तिसऱ्या गेटापर्यंत
कितीतरी दुकानांच्या कपाळावर यांचा हात.
वर कानडी, खाली मराठी, ब्रश तोच, डबा तोच.
कानडी अक्षरं गोल, म्हणायचे, मनगट आपोआप फिरतं.
मराठीची वरची रेघ मात्र खांद्यातून काढायचे,
शिडीवर, श्वास धरून, एका दमात.
दोरा नाही, पट्टी नाही.
खाली उभा राहून मालक बघायचा आणि चहा सांगायचा.

धाकट्याचा कॅरम माळ्यावरून काढला.
बोरिक पावडर भुरभुरवली.
त्यावर यांचा सुजरा हात ठेवते,
वर यांचाच डावा बसतो,
पोर सायकल शिकताना मागून सीट धरावी तसा,
आणि दोघं निघतात
माझ्याकडून खिडकीकडं, खिडकीकडून माझ्याकडं.
पावडरीत माग उरतो.
एकदा त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटले.
जीभ अजून जड आहे. वाटलं, दुखतंय.
परत म्हणाले.
'वाकडी.'
मी म्हटलं, असू दे हो, व्यायाम आहे, रेघ कुठाय ती.
रागावले.
डाव्या हातानं सगळी पुसली आणि
परत सुरू.

महिन्यानं मॅडमनी पुन्हा बोट लावलं.
'अर्धा,' म्हणाल्या, मग जरा थांबून,
'अर्ध्याला थोडं जास्ती.'
भरेल का पुरतं, ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलंही नाही.

येताना रिक्षात हे पाट्या वाचत होते, ओठ हलवत.
गोगटे सर्कलला सिग्नलवर थांबलो.
समोर नवा फ्लेक्स, छापील अक्षरं, कोपऱ्यात कुणाचं नाव नाही.
'सरळ आहे,' म्हणाले. अगदी स्पष्ट.
कौतुक की काय, ते कळलं नाही.
खड्डा आला. उशी घरीच विसरले होते,
मी यांच्या कोपराखाली माझी पर्स सरकवली
आणि घर येईपर्यंत हात काढला नाही.