सतरा डायऱ्या

पत्र्याच्या पेटीतून निघाल्या सतरा.
पहिली जालन्याच्या बियाणे कंपनीची,
मग जिनिंगच्या, बँकेच्या, एक खताची,
विकत घेतलेली एकही नाही.
पानापानांत ठेवलेला कडुनिंबाचा पाला
आता नुसत्या शिरांचा उरलाय,
तरी कसर लागलीच
एकोणऐंशीच्या जुलै-ऑगस्टला.
ते दोन महिने आता माझ्याकडेही नाहीत.

परभणीच्या एक्स्चेंजला माझी चोवीस वर्षं.
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
उरुसाच्या दिवसांत लाइनी तुंबायच्या,
शेजारच्या खुर्चीवरून नसीम सुलताना
हैदराबादला शिव्या घालायची, इतक्या अदबीनं
की तिकडचा ऑपरेटर शुक्रिया म्हणायचा.
घरी येऊन मी लिहायची
चार ओळी, कधी दीड:

"मानवतच्या कापूसवाल्याला नातू झाला.
त्याच्या आधी मला कळालं."

"गुरुवारवाला आजबी आला. नागपूर लावून दिलं.
कुणी उचलंना. पैसे नाही लावले."

"दिवसभर लाइन बंद. लई शांत वाटलं."

भाचा म्हणतो, आत्या, पुस्तक होईल,
फक्त भाषा जरा सुधारू.
"दादा खोकू लालते" चं
त्यानं "दादा खोकत होते" केलं
आणि त्या वाक्यात दादांचा खोकला
अर्धा बराच झाल्यासारखा वाटला.

गुरुवारवाल्याचं काय करायचं?
तो माझ्या आयुष्यात आहे, मी त्याच्या नाही.
नाव माहीत आहे. लिहीत नाही.

सहावं प्रकरण मी डायरी न उघडताच लिहिलं होतं,
पाठच होतं ते:
औरंगाबादची ऑर्डर आली, सुपरवायझरची खुर्ची,
आणि इकडे दादा अंथरुणाला.
म्हणून गेले नाही.
चाळीस वर्षं हेच सांगितलं,
लग्नघरात, दवाखान्याच्या बाकड्यावर, नसीमला,
स्वतःला तर रोज.
बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी.

मग तारखा जुळवायला हिरवी डायरी काढली.
चौदा नोव्हेंबर एक्याऐंशी:
"ऑर्डर आली. परत केली. भेव वाटलं."
एवढंच. खाली भाजीचा हिशेब.
दादांचा खोकला मार्चमध्ये, पुढच्या डायरीत.

दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या,
लाइन जोडून पाहावी तशा.
मध्ये चार महिने.
त्या चार महिन्यांत दादा जिंतूर रोडनं
सायकलला गवारीची पिशवी अडकवून
शिट्टी वाजवत येत होते.

जाताना म्हणाले होते,
माझ्यापायी अडकलीस, प्रयाग.
मी हो म्हणाले नाही.
पण नाही म्हणायला तोंड होतं की मला,
आवाज होता, दिवसाला तीनशे माणसांना पुरणारा.
पदर सारखा केला
आणि पाणी दिलं.

हे कुठल्याच डायरीत नाही.
त्या रात्री लिहिलंय:
"दादा गेले. अकरा चाळीस."
कॉलची वेळ टाकावी तशी.

सहावं प्रकरण फाडलं नाही.
एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी,
आणि त्या सव्वीस वर्षांच्या पोरीची ओळ
तिच्याच शब्दांत उतरवून घेतली.
भाच्याला दाखवली नाही.

स्टेशन रोडच्या डीटीपीवाल्या पोरानं
स्क्रीनवर बोट ठेवलं,
"आजी, हे भाव हाय का भय?
खाली लाल रेघ येऊ लालीय."
भेव, मी म्हणाले.
त्यानं मान हलवली,
जणू एवढं तर त्यालाही ठाऊक होतं,
आणि पुढे गेला.

"मेथी दोन जुड्या, आठ आणे,
हेबी टाकायचंय का?"

पंखा फिरत होता.
अजून सांगितलेलं नाही मी त्याला.