ळ सुकेपर्यंत

लोहिया बाजारातून पेटी आणली, निळी, छत्तीस इंची.
गार्गी म्हणाली, बाबा, पेटी कोण नेतं आता,
सगळ्यांकडे चाकांच्या बॅगा असतात.
बॅगही घेतली. पण पेटी राहिली,
कारण उज्ज्वलाच्या यादीतलं अर्धंही बॅगेत मावेना
आणि मला तिच्यावर नाव लिहायचं होतं.

अठ्ठावीस वर्षं मी ग्वाल्हेरात नावं लिहिली.
नया बाजारातली दुकानं, दोन दंतवैद्य, ट्रकांच्या पाठी,
कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या भिंती.
फ्लेक्स आला, मग नंबरप्लेटी तेवढ्या उरल्या,
मग त्याही छापून येऊ लागल्या.
आता एका शाळेच्या स्टोअरमध्ये वह्या मोजतो.
ब्रश मात्र अजून तेलात ठेवतो.

आमचं आडनाव मुळे.
या गावाच्या जिभेला ळ वळत नाही, त्यात तिची चूक नाही.
रेशनकार्डावर आम्ही मुले, वीजबिलावर मुले.
बाबू म्हणाला, भाईसाहब, फर्क क्या पड़ता है.
अण्णा म्हणायचे, बरंय की,
मरेपर्यंत या घरात कुणी म्हातारं होणार नाही.
ब्याण्णवाव्या वर्षी गेले,
स्मशानाच्या पावतीवरही मुले.

आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती.
शपथपत्र, मग आणखी एक शपथपत्र.
बारा फोटो, बाराही न हसणारे.
उज्ज्वला तिला बटण लावायला शिकवू लागली,
तर, आई, यूट्यूबवर आहे सगळं.
तरी हिनं तीन रंगांचे दोरे तीन सुयांत ओवून
मेतकुटाच्या डब्याशेजारी खोचून ठेवले.
तन्मय टेप घेऊन तिचा पलंग मोजत होता,
टेबल खिडकीशी सरकवलं तर कपाटाचं दार उघडेल का.
मी गेल्यावर मोजता आलं नसतं? तिनं विचारलं.
तू असताना विचारता तरी येतं, तो म्हणाला.
मग दोघं टेपचं एकेक टोक धरून
बराच वेळ भिंतीशी उभी राहिली.

आदल्या रात्री पेटी अंगणात घेतली.
इंग्रजीत नको, बाबा, इंग्रजीत आपण खेचर होतो.
मराठीत लिहा. ळ नीट काढा.

ळ म्हणजे शिरोरेघेखाली लोंबणारे,
एकमेकांत अडकलेले दोन गोल.
एका श्वासात काढायचा. मध्ये ब्रश उचलला
की सांधा दिसतो, कितीही गिरवा.
कित्येक वर्षांत काढला नव्हता,
गिऱ्हाइकं सगळी ल-वाली.
पहिला फाकला. पुसला.
ती मोबाइलचा उजेड धरून उकिडवी बसली होती.
म्हणाली, राउरकेल्याला त्यांच्या लिपीतही ळ आहे.
मी बघून ठेवलंय.
दमट फरशीवर बोटानं काढून दाखवला,
डोक्यावर वाटोळं छप्पर असलेला.
मला वाचता आला नाही.
पण हात स्वच्छ होता तिचा, कुठे थांबला नाही.

ऑगस्टची हवा, एनॅमल सुकेना.
उत्कल चार तास उशिरा आली, तरी सुकलं नव्हतं.
सोबत तिचा मामा, त्याला रेल्वेचा पास.
मी बर्थखाली पेटी सरकवत
अख्ख्या डब्यावर ओरडत होतो,
हात लावू नका, ओलं आहे, ओलं आहे.
खिडकीतून ती काहीतरी सांगत होती.
दिवसभर योजून ठेवलेलं असेल, असं मला वाटलं.
ती म्हणत होती, बाबा, शर्ट.

बाहीवर उलटा उमटलेला, पांढरा,
दीडेक गोल.

घरी आल्यावर उज्ज्वला म्हणाली,
टर्पेंटाइननं निघेल.
म्हटलं, संपलंय.
बाटली समोरच फळीवर होती,
गळ्यापर्यंत भरलेली.