आमेन राहून गेलं

गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्याला एक नियम असतो:
सीटबेल्ट लावायचा नाही.
बर्फ फुटलं तर सुटता आलं पाहिजे.
हीउमा बेटावरच्या पोरांना हे
दहा आज्ञांच्या आधी पाठ होतं.

मी इथली पाद्री. अठरा वर्षं झाली.
रविवारी चर्चमध्ये अकरा डोकी,
त्यातली दोन पेंगणारी, एक ठार बहिरं.

लेम्बित कधीच आला नाही.
रस्त्याच्या कडेनं फांद्या रोवायच्या,
गिरमिटानं भोक पाडून बर्फाची जाडी मोजायची,
वहीत लिहायची, हे त्याचं काम.
मी एकदा म्हटलं, कोण बघतंय तुला इथे?
पन्नास भोकं कशाला, दहा पुरली असती.
"बर्फ बघतं ना," म्हणाला,
आणि एक्कावन्नावं पाडायला गेला.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात.
बर्फाला असतो.
मार्चात, ऊन जरा चढल्यावर,
ओस्वाल्डची निळी गाडी फांद्या सोडून वळली
आणि कुणी अख्खं ठाण टरकन फाडावं
तसं झालं.

ओस्वाल्ड.
एकोणपन्नास साली यादीत घरं कुणी लिहून दिली
हे बेटावर कुणी बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.
एक बाई पाच वर्षांच्या पोराला कोटाखाली घेऊन
मालगाडीत चढली, सैबेरियाला गेली.
परत आलं ते नुसतं पोर.
ते पोर लेम्बित.
आणि ओस्वाल्ड माझ्या अकरांतला.
पहिल्या बाकावर. म्हातारा झालाय,
गळा अजून गोड.

मी किनाऱ्यावर होते.
गुडघ्यांवर पडले. खोटं कशाला सांगू,
मनापासून पडले. डोळे मिटले.
म्हणून दिसलं नाही
लेम्बित शिडी पुढे ढकलत
पोटावर सरकायला कधी लागला.
हाक आली तेव्हा कळलं:
"बाई, दोरी धर! त्याच्याशी नंतर बोल!"

मी धरली.
प्रार्थना क्षमेच्या ओळीपर्यंत आली होती.
तिथेच राहिली.

शिडी दोन हात अपुरी पडली.
शेवटच्या पायरीत पाय अडकवून
त्यानं उरलेलं अंतर स्वतःच्या अंगानं भरलं.
मी ओढत होते. तळवे सोलत होते.
ओस्वाल्ड पाण्यात रडत होता की गात होता,
नीट कळेना.

रात्री माझ्या स्वयंपाकघरात
लेम्बितचे पाय घोंगडीत, हातात चहा.
"तुला ठाऊक होतं कोण आहे?"
"निळी गाडी बेटावर एकच."
"मग?"
खूप वेळ गेला. भट्टीत लाकूड तडकलं.
"शिडी अपुरी पडतेय, एवढंच डोक्यात होतं."
आणि कप खाली ठेवल्यावर, दाराकडे जाताना:
"आई तिकडे भिंतीला तोंड करून काहीतरी पुटपुटायची.
ते माझ्या हातांत उतरलंय की नाही, मला माहीत नाही.
तू शोध. तुझा धंदा आहे तो."

संत बिंत नाही हं तो.
चर्चच्या सरपणातून दर हिवाळ्यात
दोन मोळ्या गायब होतात,
त्याच्या धुराड्याचा धूर मला ओळखू येतो.
ओस्वाल्डनं मधाची बरणी पाठवली,
ती तशीच, न उघडलेली,
ओस्वाल्डच्या उंबऱ्यावर परत गेली.
क्षमा नाही केली त्यानं.
ओढून काढलं फक्त.

त्या रविवारी प्रवचन लिहायला बसले.
"श्रद्धेवाचून" एवढा एक शब्द लिहिला,
त्याच्यापुढे काही जमेना.
मग सगळ्यांना नुसतं गायला लावलं.
क्षमेच्या ओळीशी माझा उजवा तळवा चुरचुरला,
पहिल्या बाकावरचा आवाज जरा घसरला,
बहिरी बाई तेवढी पुढे गात राहिली.

यंदा जानेवारीपासून मीही जाते त्याच्याबरोबर.
तो गिरमिट फिरवतो, मी वही धरते.
"बावीस."
बोटं आखडलेली, पेन्सिल उमटत नाही.
"लिहिलंस?"
लिहिलं.
"वाचून दाखव."