गरम झाली की

माझी ओपेल अ‍ॅस्ट्रा, अठ्ठ्याण्णव सालची,
जर्मनीत कुणा दंतवैद्याची होती म्हणे.
ग्युम्रीत उतरली तेव्हाच दोन लाख सत्तर हजार किलोमीटर तुडवून आलेली.
पुढचे चार लाखांपर्यंत मीटरने मोजले.
मग त्याच्या चाकाचा प्लास्टिकचा दाता झिजला
आणि मोजायचं काम माझ्या वहीकडे आलं.

वही एकच. डाव्या पानावर चेचिलची उधारी,
कुणी किती वेण्या चीज नेलं, कुणी किती बुडवलं.
उजव्या पानावर गाडी:
ऑइल बदललं. फिल्टर पुढच्या वेळी.
ब्रेक चरचरतात. पुढच्या वेळी.
ते दोन शब्द त्या वहीत सव्वीसदा आलेत,
मी मोजले, एकदा रस्त्याच्या कडेला बसून,
कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

जूनपासून ती बंद पडायला लागली.
अमासियाला परतताना, चढ संपता संपता,
पडक्या पुलाजवळच्या वळणावर.
खडखड नाही, धूर नाही.
बोलता बोलता माणूस उठून जावा, तशी.
वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू,
आणि वर तोरा असा, की मी कधी बंद पडले?

दीर म्हणाला, पंप. पंप बदलला, बत्तीस हजार द्राम.
शेजारचा वाहराम म्हणाला, गॅसची टाकी.
पेट्रोलवर चालवली. पेट्रोलवरही मेली.
प्लग झाले, कॉइल झाली.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.
सासू म्हणाली, ती जागाच वाईट आहे,
आणि आरशाला एक निळा मणी टांगला.
मी हसले. पण वळण आलं की
माझा पाय आपोआप हलका व्हायचा.

भूकंपानंतर लोकांना राहायला दिलेल्या
पत्र्याच्या एका डब्यात सेद्राकचं गॅरेज.
इथे उस्तादाला वारपेत म्हणतात,
आणि वारपेतला घाई असलेली कुणी पाहिलेली नाही.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
"वही आणलीस, वार्दितेर?"

काळं बोट उजव्या पानांवरून उतरत गेलं.
"अकरा वेळा. सगळ्या दुपारच्या.
पहाटे उतरताना एकदाही नाही.
आणि हा बुधवार बघ,
बाजारात इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहत होतीस,
तेव्हा तिथेच मेली. कुठला पूल आणि कुठलं वळण?
हे जागेचं दुखणं नाही बाई. तापण्याचं आहे."

मग त्याने गाडी नुसती चालू ठेवली, उभ्या जागी.
आम्ही दोन कप कॉफी प्यायलो.
मुलीला येरेवानला शिकायला पाठवावं की नाही, त्यावर बोललो.
पंचेचाळिसाव्या मिनिटाला इंजिन गप्प.
तो बाटलीभर गार पाणी घेऊन खाली सरपटला,
आणि ते कशावर तरी हळूहळू ओतलं,
चटका बसलेल्या पोराच्या हातावर ओततात तसं.
"मार चावी."
सुरू!

अंगठ्याएवढा सेन्सर.
"इंजिनाला हा सांगत असतो, तू फिरतंयस.
तापला की याची वाचा जाते.
आणि कुणी सांगेनासं झालं
की त्याला वाटतं, आपण थांबलोच."
मी काही बोलले नाही.
जुना सेन्सर मिळाला, आठ हजार द्रामला.
नऊ म्हणत होता, एकावर चीज दिलं.

बिघडलेला त्याने पुसून माझ्या हातावर ठेवला.
"टाकू नकोस. जानेवारीत उणे पंचवीस असतं,
तेव्हा हाही चालेल."
तो आता पुढच्या कप्प्यात आहे, फ्यूज आणि गोळ्यांशेजारी.
मणीही तसाच आहे.

निघताना मी वहीत लिहिलं, सेन्सर बदलला.
खाली अजून एक ओळ:
टायमिंग बेल्ट, पुढच्या वेळी.
वारपेतने खांद्यावरून वाचलं,
कानामागची पेन्सिल काढली,
शेवटचे दोन शब्द खोडले
आणि वर लिहिलं: मंगळवारी.