सात वाजेपर्यंत

आकडा उद्या सकाळी सातला बाहेर पडेल.
तोवर तो माझ्या गालात आहे,
आलुबुखारच्या बीसारखा.
गिळायचा नाही, थुंकायचा नाही.
तशी सही केली आहे मी.

न्यूपोर्टच्या कचेरीत माझं काम एवढंच:
दोन रकाने. सरकारी. खासगी.
तीन महिन्यांचे पगार
गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांना
पाठीला पाठ लावून उभे करायचे,
एकदा महागाईच्या टाचा काढून,
एकदा टाचांसकट.
दशांशचिन्हाच्या पुढे एकच घर.
त्या एका घरात
अख्खा देश दाटीवाटीने राहतो.

संध्याकाळी धाकटी आली, हेउल्वेन,
वॉर्डातून थेट, बाह्यांना जंतुनाशकाचा वास.
येस्तिन गोदामातून आला,
मनगटावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.
दिवसभर ते त्याची पावलं मोजतं
आणि पगारात मात्र धरत नाही.

"मजा आहे तुमची," तो म्हणाला, "सरकारी माणसं.
एप्रिलपासूनचा फरक मिळाला ना, एकरकमी?"
"मिळाला. घरमालक दाराशीच उभा होता."
"आमच्याकडे फरक मिळत नाही,
नुसता पडतो."
"आणि बोनस?"
"बोनस वरच्या मजल्यावर. तुझं पेन्शन?"
"पेन्शन आज उकडून खाऊ का?"

मी वाढत होते.
हातात डाव, भांड्यात लीक आणि मटणाचं सार.
त्या टेबलावर
खरीखुरी वाढ तेवढीच झाली.
येस्तिनच्या वाडग्यात एक तुकडा जास्त गेला,
हेउल्वेननं तो पाहिला,
आणि माझ्याकडे बघितलं.

मला माहीत होतं कोण पुढे आहे.
आणि का, तेही.
थकलेला सगळा पैसा एकाच महिन्यात आला
म्हणून सरकारी रकाना फुगला,
जशी आमची अस्क नदी भरतीला फुगते
आणि वाटतं, केवढं पाणी!
सहा तासांनी या,
चिखलात बाजाराची ढकलगाडी पालथी पडलेली असते.
हे मी चौथ्या तळटीपेत लिहिलंय.
तळटीप वाचणारी माणसं
मला अजून भेटायची आहेत.

खासगी रकानाही वर गेलाय, थोडा.
ते मात्र तळटीपेत नाही.
पुलापलीकडच्या कारखान्याचं कँटीन बंद पडलं,
तिथली टेग्वेन गेली, भांडी घासणारी,
तिच्याबरोबर अकराजणी.
शाळेतलं सगळ्यात बुटकं पोर नाव काढून गेलं
की वर्गाची उंची वाढते,
तसं.
कुणाची एक पेनीही न वाढता.
टेग्वेन परवा बसथांब्यावर भेटली,
म्हणाली, "तुमच्याकडे बरं असेल ना सगळं?"
मी म्हटलं, हो. आकडे बरे आहेत.

हेउल्वेन रात्रपाळीची बदली घ्यायला गेली.
येस्तिन भांडी विसळत होता, पाठमोरा.
नळ बंद न करताच म्हणाला,
"शुक्रवारी यादी लागतेय. चाळीस नावं."
मग बराच वेळ एकच बशी.
"असलो त्यात,
तर दिसेन का गं तुझ्या आकड्यात?"

दिसशील.
तू गेल्यावर सरासरी
केसभर वर सरकेल,
आणि त्या केसाला मी
जवळच्या दशांशात बसवीन.

घड्याळात पावणेअकरा झाले होते.
मी त्याच्या हातातली बशी घेतली, पुसली,
आणि म्हटलं,
सात वाजेपर्यंत मला
काही बोलता येत नाही.