पाण्याची पातळी

कुमासी, पहाटेचे साडेतीन.
डॉक्टर सेरवा तीस तासांपासून उभी,
चपलेवर कुणाचं तरी रक्त, वाळलेलं.
"पुस्तक मिट," म्हणाली. "चल."

व्हरांड्यात निळा पिंप.
"वाजव. बोटावर बोट. वरून खाली."
टण, टण, टण,
मग एकदम ठस्स.
"इथवर पाणी म्हणतोस? झाकण काढ."
चार बोटं चुकलो होतो.
ती हसली नाही. "परत."

सहाव्यांदा जमलं.

मग अठरा नंबरची म्हातारी,
कोकोची बोंडं फोडून फोडून हात राठ.
"गार हातांनी शिवायचं नाही कुणाला,"
आणि स्वतःचा चहाचा कप
माझ्या तळव्यांत दिला, प्यायला नव्हे.
म्हातारीच्या पाठीवर वाजवत उतरलो.
उजवीकडे, सातव्या बरगडीखाली,
आवाज दगड झाला.
मी सेरवाकडे पाहिलं.
ती खिडकीबाहेर बघत होती,
मुद्दाम.

सकाळच्या राउंडला मोठ्या सरांनी विचारलं,
"पाणी कुणी ओळखलं?"
केसपेपरवर तिच्या अक्षरात माझं नाव,
आसामोआ,
घाईत एक अक्षर गाळलेलं.

विचारायला वळलो तर
बाई भिंतीला टेकून
उभ्या उभ्या झोपलेली,
खिशात माझंच पेन.