सात सुताचं भोक

रविवारी साडेपाचला, उद्यमनगरात मशिनी थंड होताना,
मालकाला विचारून
स्टेनलेस पाइपचे दोन तुकडे चकात धरले.
बाहेरचं वर्तुळ अडीच इंच,
आतलं सात सूत.
वरच्या कडेला चॅम्फर मारला,
नऊ वर्षांच्या तळव्याला लागू नये एवढा.
‘कुणाचा जॉब रं?’ इलाही मिस्त्रीनं विचारलं.
म्हटलं, प्रांजलचा.
‘मग टॉलरन्स कमी ठेव.’

दोन वर्षं झाली गहू घरातून काढून.
जुन्या भाडेकरूसारखा गेला तो,
कोनाकोपऱ्यात सामान ठेवून.
पोळपाटाच्या चिरेत होता. चाळणीच्या जाळीत.
हिंगाच्या डबीतसुद्धा.
हे डॉक्टर सांगत होते तेव्हा
मी त्यांचा पेपरवेट गोल गोल फिरवत बसलो होतो.
नंतर कढई नवी, झारा नवा,
मिसळीसोबत पाव नाही,
वाढदिवसाला वेगळा डबा,
आणि तिचं ते पाठ झालेलं, खाली बघून म्हटलेलं,
‘मला चालत नाही.’

गिरणीत चौगुले अण्णा पहाटे सहाला घेतात आमचे तांदूळ,
गव्हाची रांग लागायच्या आत.
दगड झाडतात, आधी दोन किलो जोंधळा दळून काढतात.
ते पीठ त्यांच्या म्हशीला.
जादा पैसे कधी मागितले नाहीत,
आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

राजारामपुरीत, बेकरीच्या काचेला नाक लावून
तिनं एकदाच विचारलं होतं,
‘पप्पा, मधलं कोण खातं?’

सोमवार, कारखान्याला सुट्टी.
तांदळाचं पीठ, साबुदाण्याचं पीठ,
कोमट दुधात यीस्ट, त्यात चमचाभर काकवी,
एक अंडं.
आणि इसबगोल.
पुडा बघून मुजावरकाकू दारातच हसल्या,
‘समदं घर एकदम साफ करताय काय?’
करणार काय?
गव्हात एक दोरी असते, डोळ्याला न दिसणारी,
पीठ पिठाला धरून ठेवते.
तीच हिच्या आतड्यात काचते.
दोरी काढून घेतली की उरतं ते चिखलासारखं,
बोटांना चिकटतं, आकाराला येत नाही.

पहिले चार तेलात सोडले, आणि फुटले.
कढईभर कण नुसते.
दुसऱ्या खेपेचे बाहेरून शेंगदाण्यासारखे लाल, आत कच्चे.
रिजेक्ट, मी म्हणालो, सवयीनं.
प्रांजल काही बोलली नाही,
ताटलीतले तुकडे मोजत राहिली.

मग वैजू परसात गेली.
केळीचं पान आणलं, चौकोन कापले, तेलाचं बोट फिरवलं,
एकेका चौकोनावर एकेक वर्तुळ.
‘हात लावायचा नाही,’ म्हणाली. ‘फुगू दे.’
तासाभरानं, आच मध्यम,
पानासकट अलगद सोडलं.
पान तडतडलं, सुटलं,
चिमट्यानं बाजूला काढलं,
आणि ते एकटंच तरंगत राहिलं तेलावर,
मधल्या भोकातून बुडबुडे वर येत.
तेव्हा कळलं मला भोक कशाला असतं.
आतपर्यंत धग पोचायला.
इतकी वर्षं भोकं पाडतोय,
पण हे कुणी ड्रॉइंगवर लिहिलं नव्हतं.

तिनं पिठीसाखर ओठांना, नाकाला, वेणीला लावून खाल्लं.
कसं झालंय, ते आम्ही विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही, दुसरं उचललं.

मधल्या गोळ्या तळून डब्यात भरल्या तिनंच.
‘ह्या अण्णांना.’
रात्री दहापर्यंत उरलेले डोनट दगड झाले होते.
दोरी नसली की मऊपणा तेवढाच टिकतो.
मी एक चहात बुडवून खाल्ला, ओट्याशी उभा राहून,
चावताना कानात आवाज येत होता.

पहाटे गिरणीत अण्णांनी पिठाळ हात धोतराला पुसले,
मग थांबले.
आत जाऊन साबणानं धुऊन आले.
गोळी तोंडात टाकली, पट्ट्याकडं बघत बराच वेळ चघळली.
‘मीठ कमी पडलंय,’ म्हणाले,
आणि डबा ठेवून घेतला.